‘४२ टक्क्यांपर्यंत बचत’: ब्रिटनच्या सायकल टू वर्क योजनेतून हार्डटेल घ्यावी का?

मागच्या महिन्यात शेफील्डहून माझ्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट आला. त्यावर काळ्या रंगाची, जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. किंमत १,००० पाउंड. खाली हिरव्या पट्टीत लिहिलेलं, ‘४२ टक्क्यांपर्यंत बचत’. आणि त्याखाली याचा मेसेज: "दादा, ऑफिसमधून मिळतेय. जवळजवळ निम्मे पैसे वाचतायत रे! घेऊन टाकू का?"

हा मुलगा पुण्याहून मास्टर्स करायला गेला, आता तिथेच पहिली नोकरी करतोय. पगार वर्षाला २७,००० पाउंड. व्हिसा शिक्षणानंतर मिळणारा दोन वर्षांचा, त्यातले सात महिने संपलेले. एका पाउंडाला आपले शंभराहून जास्त रुपये, म्हणजे सायकल लाखाच्या वर. मी त्याला म्हटलं, "थांब. दोन दिवस दे. सायकलही बघतो आणि ती हिरवी पट्टीही."

त्या दोन दिवसांत जे समजलं ते इथे लिहितोय. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेला एखादा मित्र किंवा भाऊ-बहीण आता बऱ्याच घरांत आहे. आणि ‘पर्यंत बचत’ हे दोन शब्द तर आपण रोजच स्क्रीनवर बघतो.

योजना नेमकी काय आहे?

ब्रिटनमध्ये ‘सायकल टू वर्क’ ही योजना १९९९ च्या वित्त कायद्यातून आली. लोकांनी गाडी घरी ठेवून सायकलवर कामाला जावं, हा हेतू. पद्धत अशी:

- तुमची कंपनी सायकल विकत घेते आणि तुम्हाला भाड्याने देते. कायद्याने सायकल कंपनीची (किंवा योजना चालवणाऱ्या मध्यस्थाची), तुम्ही भाडेकरू.
- भाडं दर महिन्याला पगारातून जातं, आणि तेसुद्धा कर कापायच्या आधी. याला तिकडे ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ म्हणतात. कागदावर तुमचा पगारच तेवढा कमी होतो.
- पगार कमी झाला की त्या रकमेवरचा आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स वाचतो. बचत म्हणतात ती हीच.
- सायकलसोबत हेल्मेट, दिवे, कुलूप, मडगार्ड, पंप, पॅनियर बॅग असं सुरक्षेचं आणि गरजेचं सामानही घेता येतं.
- अट एकच: सायकलचा निम्म्याहून जास्त वापर कामाला जाण्यायेण्यासाठी हवा. घरापासून स्टेशनपर्यंत सायकल आणि पुढे ट्रेन, हेही चालतं. रोजची नोंद ठेवावी लागत नाही. शनिवार-रविवारी डोंगरात न्यायला कोणी अडवत नाही.

म्हणजे ही दुकानाने दिलेली सूट नाही. दुकानात सायकलची किंमत हजारच राहते. सरकार आपला कर सोडतं, आणि किती सोडतं ते तुमच्या पगारावर ठरतं.

मग ४२ टक्के कुणाचे?

इंग्लंडमध्ये वर्षाला १२,५७० पाउंडपर्यंत कर नाही. त्यापुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, मिळून २८. त्याच्यावर पगार गेला की ४० आणि २, मिळून ४२. (स्कॉटलंडमध्ये आयकराचे टप्पे वेगळे आहेत.)

हिरव्या पट्टीतले ४२ टक्के हे वर्षाला ५०,२७० पाउंडच्या वर कमावणाऱ्याचे. माझ्या भावाचे २८. ‘पर्यंत’ या शब्दात सगळा फरक लपलेला. आपल्याकडे सेलमध्ये ‘८० टक्क्यांपर्यंत सूट’ असते आणि ती ८० टक्के सूट नेमकी मोबाईलच्या कव्हरवर निघते, तसंच.

पण २८ सुद्धा पूर्ण हातात पडत नाहीत, कारण भाड्याची मुदत संपल्यावर सायकल अजून तुमची झालेली नसते. ती तुम्हाला फुकट दिली तर ती पुन्हा करपात्र भेट ठरते. म्हणून ब्रिटनच्या कर खात्याने वापरलेल्या सायकलीच्या किमतीचा तक्ता ठरवून दिलाय. मूळ किंमत ५०० पाउंड किंवा जास्त असेल, तर एका वर्षानंतर तिची किंमत २५ टक्के धरतात, दोन वर्षांनंतर १७, तीन वर्षांनंतर १२, चार वर्षांनंतर ७. पाचशेच्या खालच्या सायकलीला हेच आकडे १८, १३, ८ आणि ३.

म्हणून बहुतेक योजनांमध्ये शेवटी दोन रस्ते असतात. एक, वर्ष संपल्यावर २५ टक्के भरून सायकल लगेच नावावर करा. दोन, ७ टक्के अनामत भरा, आणखी तीन वर्षं सायकल ‘भाड्याने’ वापरत राहा (महिन्याचं भाडं नाही), आणि चार वर्षं पूर्ण झाली की ती तुमची.

आता हिशोब करू. सायकल १,००० आणि कुलूप, हेल्मेट, दिवे मिळून १५०. एकूण १,१५० पाउंड, १२ महिने.

- भाऊ (२८ टक्के), ७ टक्क्यांचा रस्ता: पगारातून दरमहा सुमारे ९६ कापले जातात, पण हातात येणारे पैसे ६९ ने कमी होतात. वर्षाचे ८२८. शेवटी ८०.५० अनामत. एकूण ९०८.५०. बचत २४१.५०, म्हणजे २१ टक्के.
- भाऊ, २५ टक्क्यांचा रस्ता: ८२८ अधिक २८७.५०. एकूण १,११५.५०. बचत ३४.५०, म्हणजे फक्त ३ टक्के.
- त्याचा मॅनेजर (४२ टक्के), ७ टक्क्यांचा रस्ता: ६६७ अधिक ८०.५०. एकूण ७४७.५०. बचत ४०२.५०, म्हणजे ३५ टक्के.

तीच सायकल, तेच दुकान, तोच महिना. भावाला मॅनेजरपेक्षा १६१ पाउंड जास्त पडतात. आणि घाई करून ती एका वर्षात नावावर केली, तर वर्षभराच्या कागदपत्रांची कमाई साडेचौतीस पाउंड.

यात आणखी एकाचा फायदा आहे, तो स्क्रीनवर दिसत नाही. कर्मचाऱ्याच्या पगारावर कंपनीलाही नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो, एप्रिल २०२५ पासून १५ टक्के. पगार १,१५० ने कमी झाला की कंपनीचे १७२.५० वाचतात. म्हणून एचआरचे मेल एवढ्या उत्साहाने येतात.

बातमीत का आली ही योजना?

आधी बहुतेक कंपन्या १,००० पाउंडवर थांबायच्या, कारण त्यापुढच्या भाडेकरारासाठी आर्थिक नियामकाची परवानगी लागायची. जून २०१९ मध्ये सरकारने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. परवानगी असलेल्या मध्यस्थामार्फत हजाराच्या पुढेही जाता येईल, असं स्पष्ट झालं. हेतू चांगला होता. इलेक्ट्रिक सायकल हजारात येत नाही, आणि लांबून येणाऱ्याला किंवा वय झालेल्याला तीच लागते.

पण दार उघडल्यावर त्यातून महागड्या कार्बन सायकलीही आत आल्या. टीका सुरू झाली की हा पैसा ऑफिसला जाणाऱ्यांसाठी आहे की रविवारच्या हौशी स्वारांसाठी? नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्री रेचल रीव्हज या योजनेवर मर्यादा आणणार अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात २६ नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात कुऱ्हाड पडली ती पेन्शनवर. एप्रिल २०२९ पासून सॅलरी सॅक्रिफाइसमधून वर्षाला २,००० पाउंडच्या वर पेन्शनमध्ये टाकलेल्या रकमेवर नॅशनल इन्शुरन्स लागेल. सायकल वाचली.

माझं मत विचाराल, तर वरच्या मर्यादेवरचा वाद हा अर्धाच वाद आहे. महाग सायकल कोण घेतं यावर सगळे बोलतात. सायकल घेऊच शकत नाही असा माणूस कोण, यावर कमी बोललं जातं.

ज्यांना गरज, तेच बाहेर

सॅलरी सॅक्रिफाइसनंतर पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. नियम कामगाराच्या भल्यासाठीच आहे. पण परिणाम बघा.

एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांसाठी किमान वेतन तासाला १२.७१ पाउंड आहे. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाचे साधारण २४,७८५. आता समजा एखादी मुलगी केअर होममध्ये तासाला १३ पाउंडवर काम करते. तिचे वर्षाचे २५,३५०. कापायला जागा उरली ५६५ पाउंड, म्हणजे महिन्याला ४७. वर दिलेल्या पॅकेजला ९६ लागतात. तिला नाही मिळणार. अगदी किमान वेतनावर असलेल्याला तर एक पाउंडही कापता येत नाही.

पहाटे पाचच्या शिफ्टला बस नसते. सायकलची खरी गरज तिला आहे. ५०,००० च्या वर कमावणाऱ्याकडे बहुतेक वेळा गाडी असते.

स्वयंरोजगार करणारेही बाहेरच. दिवसभर सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवणारे बहुतेक जण कागदोपत्री कुणाचे नोकर नाहीत. त्यामुळे पगार नाही आणि ही योजनाही नाही. त्यांना धंद्याचा खर्च म्हणून वजावट घेता येते, पण महिन्याच्या हप्त्यात सायकल देणारी कंपनी पाठीशी नसते.

मावसभावाला २७,००० असल्यामुळे जागा होती. तो बसत होता. आता प्रश्न सायकलचा.

हार्डटेलच का?

हार्डटेल म्हणजे ज्या माउंटन बाइकला फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असतं आणि मागचा भाग कडक असतो. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली ती फुल सस्पेन्शन. मागचा शॉक, त्याचे सांधे, त्यांचे बेअरिंग हे काही नसल्यामुळे हार्डटेल त्याच पैशात हलकी आणि चांगल्या पार्टची मिळते. देखभालही कमी.

पण रोजचा रस्ता पूर्ण डांबरी असेल तर मी हार्डटेलही घेऊ नका म्हणेन. गुठळ्यांचे जाड टायर डांबरावर घोंघावतात आणि दमवतात, सस्पेन्शनचं वजन उगाच वाहावं लागतं. तिथे हायब्रिड किंवा ग्रॅव्हल बाइक बरी.

भावाचं तसं नव्हतं. शेफील्ड हे टेकड्यांचं शहर, आणि शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. त्याचा ऑफिसचा रस्ता सहा किलोमीटर, त्यातला काही कालव्याच्या काठच्या पायवाटेने, पावसाळ्यात चिखलाचा (आणि तिकडे पावसाळा कधीही येतो). रविवारी मित्रांबरोबर लेडी कॅनिंग्ज प्लँटेशन किंवा व्हार्नक्लिफच्या जंगलातल्या ट्रेलवर जायची इच्छा. एकच सायकल घ्यायची आणि दोन्ही करायचं, तर हार्डटेल बरोबर.

काय बघायचं? फोनसारखा विचार करा

फोन घेताना आपण काय करतो? रॅम आणि प्रोसेसर नीट बघतो, कारण ते नंतर बदलता येत नाहीत. कव्हर, चार्जर, इअरफोन नंतर घेता येतात. सायकलीचंही तेच. दुकानाच्या पानावर तीस ओळींचं स्पेसिफिकेशन असतं. त्यातल्या ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत, त्या आधी बघा.

१. माप. सगळ्यात महत्त्वाचं आणि फोनवर कळतच नाही असं. एकाच कंपनीची ‘मीडियम’ आणि दुसरीची ‘मीडियम’ वेगळी असते. दुकानात जाऊन बसून बघा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर दांडा आणि तुमच्यामध्ये जागा हवी. मापात चुकलेली हजाराची सायकल मापातल्या पाचशेच्या सायकलीपेक्षा वाईट.

२. फ्रेम आणि तिच्यातली मापं. दोन शब्द शोधा: ‘टेपर्ड हेडट्यूब’ आणि ‘थ्रू-अ‍ॅक्सल’. पहिला म्हणजे हँडलखालची नळी वर बारीक, खाली जाड. दुसरा म्हणजे चाक बारीक क्विक-रिलीज दांडीऐवजी जाड आरपार अ‍ॅक्सलने बसवलेलं. आजचे चांगले फोर्क आणि चाकं याच मापाला बनतात. फ्रेम जुन्या मापाची असेल तर दोन वर्षांनी चांगला फोर्क घ्यायचा म्हटलं तरी बसवायला पर्याय फार थोडे. हीच ती नंतर न वाढणारी रॅम.

३. फोर्क. आपल्याकडचे सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तो. स्वस्त सायकलीत आत लोखंडी स्प्रिंग असते. ती जड, आणि तुमच्या वजनाप्रमाणे फारशी बदलता येत नाही. एअर फोर्कमध्ये हवा असते. छोट्या पंपाने तुमच्या वजनाला जुळेल एवढा दाब ठेवता येतो. साठ किलोचा माणूस आणि नव्वद किलोचा माणूस एकच स्प्रिंग कशी वापरणार? पाने उलटताना फोर्कच्या नावात ‘एअर’ दिसतंय का ते बघा. दब १०० ते १३० मिलिमीटर रोजच्या आणि रविवारच्या वापराला पुरेसा. डांबरावर चढ चढताना फोर्क कडक करायचं बटण, म्हणजे लॉकआउट, असेल तर उत्तम.

४. ब्रेक. हायड्रॉलिक डिस्क. तारेने ओढले जाणारे मेकॅनिकल डिस्क चालतात, पण ओल्या उतारावर एका बोटाने थांबायचं असेल तर हायड्रॉलिकच.

५. गिअर. पुढे एकच चक्र आणि मागे मोठी कॅसेट, याला ‘वन-बाय’ म्हणतात. पुढची साखळी उतरण्याचा त्रास नाही, चिखलात स्वच्छ राहतं. शिमानोचा डिओर बारा गिअरचा सेट मागे १० ते ५१ दातांचा असतो, शेफील्डसारख्या चढांना छान. २०२३ मध्ये शिमानोने आणलेला क्यूज हा नऊ, दहा, अकरा गिअरचा सेट टिकाऊपणावर भर देऊन केलाय. रोज ऑफिसला जाणाऱ्याला तो मुळीच कमी नाही. गिअरच्या संख्येकडे बघून भुलू नका. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि सायकलीचे गिअर, दोन्ही जाहिरातीत मोठे दिसतात.

६. मडगार्ड आणि कॅरियरची भोकं. हसू नका. लॅपटॉप घेऊन भिजत ऑफिसला पोचायचं नसेल तर फ्रेमवर कॅरियर बसवायला जागा आहे का ते विचारा. दिसायला झकास अशा बऱ्याच हार्डटेलना ती नसते.

७. टायर. हा भाग नंतर बदलता येतो, म्हणून शेवटी. आठवडाभर कमी गुठळ्यांचे आणि रविवारी जाड, असे दोन जोड ठेवणारे लोक आहेत. ज्याला एवढी हौस नाही त्याने मधला टायर बसवावा.

आणि कुलूप. ब्रिटनमध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ नावाची चाचणी असते, त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे. हजाराच्या सायकलीला किमान गोल्ड घ्या. सायकल हातात आली की पेडलजवळ खाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघंही पहिल्यांदा तोच मागतात.

सेलची सायकल आणि योजनेची सायकल

इथे गंमत सुरू झाली. कोविडच्या काळात सायकलींना प्रचंड मागणी आली, कंपन्यांनी भरपूर ऑर्डर दिल्या, आणि माल पोचेपर्यंत मागणी उतरली. गोदामं भरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन ही ब्रिटनमधली ऑनलाइन सायकल विक्रीची मोठी नावंसुद्धा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळापासून मागच्या वर्षाच्या मॉडेलवर सूट दिसणं नेहमीचं झालं.

पण योजना चालवणारे मध्यस्थ प्रत्येक विक्रीवर दुकानाकडून कमिशन घेतात. आधीच सूट दिलेल्या सायकलीवर तेही द्यायचं म्हटलं तर दुकानाच्या हातात काय राहणार? म्हणून बरीच दुकानं सेलच्या सायकलीवर योजना लागू करत नाहीत, किंवा वर काही टक्के जास्त मागतात. लहान दुकानदारांची ही जुनी तक्रार आहे.

मग तुलना अशी होते. तीच हजाराची सायकल सेलमध्ये २० टक्के सुटीने रोख ८००. योजनेतून पूर्ण किमतीला घेतली तर भावाला ७२० अधिक ७० अनामत, म्हणजे ७९०. फरक दहा पाउंड. त्या दहा पाउंडांसाठी चार वर्षांचा करार.

मॅनेजरसाठी मात्र तीच सायकल ५८० अधिक ७०, म्हणजे ६५०. त्याने योजनेतूनच घ्यावी.

करार, व्हिसा आणि ‘नोकरी सोडली तर?’

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. तो हिरव्या पट्टीत नसतो, कराराच्या पीडीएफमध्ये असतो.

बहुतेक करारांत, वर्षाच्या आत नोकरी सुटली तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापतात, आणि तेही कर कापून झाल्यावर उरलेल्या रकमेतून. म्हणजे त्या हप्त्यांवरची बचत गेली. भावाने पाच महिन्यांत नोकरी बदलली असती तर सुमारे ६७१ पाउंड एका झटक्यात गेले असते. पहिल्या नोकरीत, खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलाला शेवटच्या पगारातून एवढे जाणं म्हणजे एक महिना उसनवारी.

सायकल चोरीला गेली तरी हप्ते थांबत नाहीत. विमा तुम्हीच काढायचा.

आणि व्हिसा. भावाचा व्हिसा दोन वर्षांचा, उरलेले १७ महिने. (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना हा व्हिसा १८ महिन्यांचाच मिळणार आहे.) त्याला स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली तर कंपनी बदलणार, नाही मिळाली तर तो परत येणार. दोन्हीकडे नोकरी सुटणारच. स्वस्त पडणारा रस्ता चार वर्षांचा, आणि त्या चार वर्षांत सायकल कागदावर त्याची नाही, त्यामुळे निघताना हक्काने विकताही येणार नाही. लवकर नावावर करायची तर जास्त टक्के भरा. म्हणजे त्याच्यासाठी खरी बचत २१ नव्हे, तर ३ टक्क्यांच्या आसपास.

ज्यांचा व्हिसा पगाराच्या अटीवर आहे त्यांनी आणखी एक करावं. सॅलरी सॅक्रिफाइसमुळे कागदावरचा पगार कमी होतो. सही करायच्या आधी एचआरला मेलवर विचारा की व्हिसाच्या अटीवर याचा परिणाम होतो का. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आपल्याकडे अशी योजना असती तर?

भावाने हे विचारलंच. "पुण्यात असतं तर किती जणांनी घेतली असती ना?"

मला तसं वाटत नाही. आपल्याकडे २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत, आणि पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत, आयकर लागत नाही. नोकरीला नुकतेच लागलेले बहुतेक तरुण याच्या खालीच असतात. ज्याला करच नाही, त्याची बचत काय करणार? ब्रिटनची योजना जशीच्या तशी आणली तर ती हिंजवडीतल्या वरच्या पगारवाल्यांची योजना होईल.

त्यापेक्षा २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ते मला जास्त न्याय्य वाटतं. सूट छोटी आहे, पण पगार न विचारता मिळते. दूध टाकणाऱ्याला आणि सॉफ्टवेअरवाल्याला सारखीच. पुढचं काम रस्त्याचं आणि ऑफिसात सायकल लावायच्या जागेचं आहे, ते कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही.

शेवटी काय केलं?

भावाने योजनेतून घेतली नाही. मागच्या वर्षाचं मॉडेल, एअर फोर्क, थ्रू-अ‍ॅक्सल, कॅरियरची भोकं असलेली हार्डटेल एका स्थानिक दुकानातून सेलमध्ये रोखीने घेतली. परत यायची वेळ आली तर विकून निघेल, कुणाला विचारायला नको. त्याच्याच ऑफिसातल्या एका ताईंनी, ज्यांची नोकरी पक्की आहे आणि पगार वरच्या टप्प्यात आहे, योजनेतून इलेक्ट्रिक सायकल घेतली. त्यांचाही निर्णय बरोबरच आहे.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल, किंवा कुणी तुम्हाला असा स्क्रीनशॉट पाठवला, तर सही करण्याआधी एवढं विचारा:

- माझा कराचा टप्पा २८ चा की ४२ चा?
- कापल्यानंतर पगार किमान वेतनाच्या वर राहतो का?
- शेवटी नावावर करायला किती टक्के, आणि किती वर्षांनी?
- मध्येच नोकरी सुटली तर किती कापणार?
- हीच सायकल सेलमध्ये रोखीने कितीला आहे?
- आणि ती माझ्या मापाची आहे का, मी बसून बघितलीय का?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीचे पाच विचारायची गरजच नाही. आधी दुकानात जा.